चौसष्ट घरांची बेरीज

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरी मागच्याच्या दुप्पट दाणे मांडीत चौसष्टावे घर गाठावे आणि मग साऱ्या पटावरील दाण्यांची बेरीज करावी, तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी भरते. ही संख्या सर्वविश्रुत आहे. परंतु तिची कीर्ती तिच्या प्रचंड आकारमानापाशीच थबकलेली असून, ती कशी घडली आहे, कोणकोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून उभी राहिली आहे आणि त्या मूळ संख्या हुडकून काढताना कोणाकोणाची बुद्धी पणाला लागली, हा तिच्या चरित्राचा खरा मनोरम भाग मात्र बहुतेक वाचकांपर्यंत पोहोचलेलाच नाही.

आकारमानाची कथा थोडक्यात आटोपण्याजोगी आहे. हा खेळ शोधून काढणाऱ्या सिस्सा नामक पंडिताला हिंदुस्थानच्या राजाने हवे ते माग म्हटले, त्याने या हिशेबाने धान्य मागितले, राजाला ती मागणी क्षुल्लक वाटली, आणि कारकुनांनी आकडेमोड केली तेव्हा सगळी कोठारे रिती करूनही ती पुरी होण्यासारखी नाही असे दिसून आले, ही आख्यायिका तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने आपल्या चरित्रकोशात नोंदविली आहे. आणि तिच्याही पूर्वी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्बेरुनीने ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक देऊन ठेवली आहे. तांदळाच्या हजार दाण्यांचे वजन वीस ग्रॅम धरले, तर हे सारे धान्य सुमारे ३६,९०० कोटी टन होईल, आणि सध्या जगात दरसाल पिकणारा सुमारे पन्नास कोटी टन तांदूळ त्याच्या भरपाईस लावला, तरी सातशेहून अधिक वर्षे ते देणे फिटणार नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, तीदेखील येथे अपुरी पडतात: एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, अशी सुरुवात करून आपल्याला सहाशे पंधरापर्यंत खाली उतरावे लागते. पण आकार हा काही संख्येचा गुण नव्हे. हिच्यापुढे आणखी एक शून्य लिहिले की हिच्या दहापट मोठी संख्या कोणालाही मिळते, आणि त्या मोठेपणातून ज्ञानाची एक रतीही हाती लागत नाही.

म्हणून बेरजेच्या घडणीकडे वळावे. प्रत्येक घरातील दाणे हे त्याच्या आधीच्या सर्व घरांतील दाण्यांच्या बेरजेहून बरोबर एकाने अधिक असतात; पहिल्या तीन घरांत मिळून सात, तर चौथ्यात आठ. यावरून उघड होते की चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टावे घर असते तर त्यात जितके दाणे आले असते त्यांहून एक कमी, अर्थात २ च्या चौसष्टाव्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या. आता हा चौसष्टावा घात काढण्यास एकामागून एक चौसष्ट वेळा दुप्पट करणे हा एक मार्ग झाला. पण आपल्याकडे याहून फार जवळची वाट छंदःशास्त्राने फार पूर्वी पाडून ठेवली आहे.

वृत्तातील प्रत्येक अक्षर लघू तरी असते किंवा गुरू तरी, त्यामुळे अमुक इतक्या अक्षरांच्या चरणाचे एकूण किती प्रकार संभवतात या प्रश्नाचे उत्तर २ च्या तितक्याव्या घाताइतके येते, आणि ते उत्तर काढण्याची पिंगलाचार्यांची रीत अशी: अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे, विषम असेल तर तीतून एक वजा करावा, शून्य येईपर्यंत हेच करीत जावे, मग एकापासून आरंभ करून उलट दिशेने परतताना, जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करावी आणि जेथे अर्ध केले होते तेथे वर्ग करावा. आपल्या पंडित कवींचे आवडते शार्दूलविक्रीडित घ्या. त्याच्या चरणात एकोणीस अक्षरे. एकोणिसाचे अठरा, अठराचे नऊ, नवाचे आठ, मग चार, दोन, एक आणि शून्य. परतताना एकाची दुप्पट २. त्याचा वर्ग ४, पुन्हा वर्ग १६, पुन्हा वर्ग २५६. येथे दुप्पट केली की ५१२. त्याचा वर्ग २,६२,१४४. आणि शेवटची दुप्पट ५,२४,२८८. एकोणीस अक्षरांचे सव्वापाच लाखांच्या आसपास चरण संभवतात, आणि त्यांपैकी एका विशिष्ट लघुगुरुक्रमाला आपण शार्दूलविक्रीडित म्हणतो.

चौसष्ट ही संख्या या रीतीला जणू मुद्दाम योजल्यासारखी अनुकूल आहे. कारण ती अर्धी होत होत बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन अशी थेट एकावर येते आणि वाटेत विषम संख्येचा अडसर कोठेच येत नाही. परतीच्या प्रवासात २ पासून निघून केवळ सहा वेळा वर्ग करायचे: ४, १६, २५६, ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६, आणि शेवटी पटावरच्या बेरजेहून एकाने मोठी अशी आपली वीस अंकी संख्या. अल्बेरुनीनेही वर्गावर वर्ग करण्याचाच मार्ग धरला होता. ‘लीलावती’त गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेसाठी भास्कराचार्यांनी सांगितलेला नियमही हाच आहे, त्यांच्या त्या उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन देतो आणि महिन्याअखेर त्याच्या दानाचा हिशेब विचारला जातो. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. निष्कांच्या भाषेत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. (या दात्याने आणखी एकच कवडी दिली असती तर होणारी संख्या मूळ आहे, म्हणजे तिला एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, हे सहा शतकांनंतर ऑयलरने सिद्ध केले.) भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा दाखला देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. महाराष्ट्रातील गणिताच्या इतिहासाचे हे साधन जितक्या आस्थेने जपले जावे तितके थोडेच.

आता मौज अशी की ज्या पायऱ्यांनी ही संख्या वर चढते, त्याच पायऱ्यांनी ती खाली उतरते आणि उतरता उतरता तुटत जाते. एखाद्या वर्गातून एक वजा केला की येणारी संख्या त्या वर्गमुळाहून एकाने लहान व एकाने मोठ्या अशा दोन संख्यांचा गुणाकार असते, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. शंभरातून एक गेला की नव्व्याण्णव, आणि नऊ गुणिले अकरा तितकेच. आपली बेरीज म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गातून एक वजा. म्हणून तिचे दोन अवयव पडतात: ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. त्यांपैकी पहिला पुन्हा ६५,५३६ च्या वर्गातून एक वजा असल्यामुळे तो ६५,५३५ व ६५,५३७ यांत फुटतो. त्यातला ६५,५३५ हा २५५ व २५७ यांत, २५५ हा १५ व १७ यांत, १५ हा ३ व ५ यांत. लेखणी न थांबवता आपण येथवर येतो, आणि पाच मूळ संख्या हाती लागतात: ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. सहावा अवयव तेवढा, ४,२९,४९,६७,२९७, अखंड उरतो. तो खरोखरच अखंड आहे काय, हा प्रश्न गणिताच्या इतिहासात जवळजवळ शंभर वर्षे उभा राहिला.

तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फेर्मा याने १६४० साली आपल्या पत्रव्यवहारात असे मत मांडले की २ चा घातांक स्वतःच २ चा एखादा घात असावा आणि आलेल्या फळात एक मिळवावा, तर मिळणारी संख्या नेहमी मूळच असते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही त्याच्या बाजूची साक्षीदारांची ओळ होती. पुढची साक्ष ४,२९,४९,६७,२९७ हिची. आपल्याजवळ पूर्ण सिद्धता नाही असे फेर्माने स्वतःच लिहिले होते, तरी या मतावर त्याची श्रद्धा दृढ होती. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख याने पीटर्सबर्गला असलेल्या तरुण ऑयलरला पत्रातून विचारले की, फेर्माचे हे विधान तुम्हाला माहीत आहे काय? त्या प्रश्नाने ऑयलरला अंकशास्त्राकडे ओढले, आणि १७३२ साली त्याने जाहीर केले की फेर्माच्या या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो.

दहा अंकी संख्येला भाग घालून पाहण्यास मूळ संख्या हजारोंनी उपलब्ध असता ऑयलर नेमका ६४१ पाशी कसा आला, हे समजून घेण्यात मोठा आनंद आहे. समजा, एखादी मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९७ ला भागते. तर २ च्या बत्तिसाव्या घाताला तिने भागले असता बाकी तिच्याहून एकाने कमी उरणार, आणि त्याचा वर्ग केल्यावर, म्हणजे चौसष्टाव्या घाताशी, बाकी १ येणार. २ च्या चढत्या घातांच्या बाक्या रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे ठरावीक फेऱ्याने फिरून येतात. येथे तो फेरा चौसष्टाचाच असला पाहिजे, कारण तो त्याहून लहान असता तर चौसष्टाचा विभाजक असल्यामुळे त्याने बत्तिसालाही निःशेष भागले असते आणि बत्तिसाव्या घाताशीच बाकी १ झाली असती, जी झालेली नाही. आता फेर्माचाच दुसरा एक नियम असा की कोणत्याही विषम मूळ संख्येतून एक वजा करून येईल तितकावा २ चा घात घेतला आणि त्याला त्या मूळ संख्येने भागले, तर बाकी १ उरते. म्हणून मूळ संख्येतून एक वजा केल्यावर चौसष्टाचे पुरे फेरेच बसले पाहिजेत. अर्थात शोध घ्यायचा तो चौसष्टाच्या पटीत एक मिळवून होणाऱ्या मूळ संख्यांतच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. हजारोंच्या गर्दीतून उमेदवार गाळून अवघे पाच उरले, आणि पाचव्याने काम केले. ज्या नियमाने फेर्माचे मत ढासळले तो नियम फेर्माच्याच दफ्तरात होता; त्याने तो या संख्येला लावून पाहिला असता, तर एका बैठकीत निकाल लागला असता. एवढ्या तीक्ष्ण दृष्टीच्या पुरुषाने ते केले कसे नाही, याचा विस्मय मला नेहमीच वाटत आला आहे.

ऑयलरच्या निष्कर्षाचा ताळा वाचकाला कागदाच्या चिठोऱ्यावर घेता येईल, आणि तोही पिंगलाचार्यांच्याच वर्गांच्या पायऱ्यांनी. २ चा आठवा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्यातून ६४१ एकशे दोन वेळा, म्हणजे ६५,३८२, वजा केले की बाकी १५४. ही बाकी सोळाव्या घाताची. तिचा वर्ग केला की २३,७१६. आणि ६४१ ची सदतीसपट होते २३,७१७. बत्तिसाव्या घाताला भाग जाण्यास केवळ एक कमी पडला. तो एक मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ झाले, आणि भाग निःशेष गेला. भागाकार ६७,००,४१७.

हा भागाकार तरी मूळ आहे काय? त्याचे वर्गमूळ २,५८९ च्या आत येते, तेव्हा तेथवरच्याच मूळ संख्या तपासायच्या. आणि पुढे ल्यूका याने दाखवून दिल्याप्रमाणे येथे चौसष्टाऐवजी एकशे अठ्ठावीसच्या पटी घेतल्या तरी चालते. या मर्यादेत ६४१ आणि त्यापुढच्या अशा मूळ संख्या चारच भरतात: ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. चारांपैकी एकीनेही भाग जात नाही. ६७,००,४१७ मूळ ठरली, आणि पटावरच्या बेरजेचा संपूर्ण तपशील असा लागला: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ व ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा गुणाकार. एकही मूळ संख्या दोनदा आलेली नाही, त्यामुळे कोणत्याही वर्गसंख्येने, अर्थातच एक सोडून, तिला भाग जात नाही. आणि सातांपैकी प्रत्येक घ्यायची वा सोडायची, असे दोनच पर्याय असल्यामुळे तिचे विभाजक २ च्या सातव्या घाताइतके, म्हणजे १२८. आजच्या संगणकातील चौसष्ट बिटांच्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच.

बेरजेचे जे दोन मोठे अवयव आपण प्रथम पाडले, त्यांपैकी दुसऱ्याची कहाणी ही झाली. पहिल्याची, ४,२९,४९,६७,२९५ ची, निराळ्याच शास्त्रात सापडते. केवळ पट्टी आणि कंपास वापरून कोणत्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात हा ग्रीकांपासून चालत आलेला प्रश्न; तीन, पाच आणि पंधरा बाजूंच्या आकृती युक्लिडने काढून दाखविल्या, आणि त्यानंतर दोन हजार वर्षे विषम बाजूंच्या बाबतीत पाऊल पुढे पडले नाही. १७९६ च्या ३० मार्चला, वयाची एकोणीस वर्षे पुरी व्हायच्या आधी, गाउस याला सतरा बाजूंची आकृती काढता येते हे उमगले, आणि भाषाशास्त्र की गणित या द्विधेतून त्याचे मन कायमचे गणिताकडे वळले. बाजूंची विषम संख्या जर फेर्माच्या प्रकारच्या निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर आकृती निघते, हे त्याने १८०१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. इतर वेळी ती निघत नाही, ही दुसरी बाजू व्हान्त्सेल याने १८३७ साली पक्की केली. २५७ बाजूंची रचना रिशेलो याने १८३२ मध्ये दिली, आणि ६५,५३७ बाजूंच्या रचनेवर हेर्मेस नावाच्या अध्यापकाने दहा वर्षे खर्चिली. त्याचे ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलेले आहे. कोणाला हा व्यर्थ खटाटोप वाटेल. मला तर ज्या विद्यापीठाने ते कागद सांभाळले त्याचे मोठेपण त्यात दिसते. फेर्माच्या प्रकारच्या मूळ संख्या आजवर पाचच ज्ञात आहेत, त्यापुढच्या जितक्यांचा निकाल लागला त्या सर्व फुटल्या आहेत. त्यामुळे अशा विषमभुज आकृती आज एकतीसच माहीत आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे पाचही मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंची, अर्थात ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची.

या साऱ्या संख्या एका ठिकाणी एकत्र पाहायच्या असतील तर पुन्हा छंदःशास्त्राकडेच यावे लागते. पिंगलसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात जो मेरुप्रस्तार स्पष्ट केला आहे, त्यात शिखरावर एक आणि खालच्या प्रत्येक घरात त्याच्या वरच्या दोन घरांची बेरीज असते: १, १, १, १, २, १, १, ३, ३, १, १, ४, ६, ४, १, याप्रमाणे. आता विषम अंकाच्या जागी १ आणि सम अंकाच्या जागी ० मांडून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीची संख्या म्हणून वाचावी. पहिली ओळ १. दुसरी ११, म्हणजे ३. तिसरी १०१, म्हणजे ५. चौथी ११११, म्हणजे १५. पाचवी १०००१, म्हणजे १७. मग ५१, ८५, २५५, २५७. दुसऱ्या ओळीपासून बत्तिसाव्या ओळीपर्यंत ज्या एकतीस संख्या येतात, त्या अगदी त्याच क्रमाने गाउसच्या एकतीस आकृतींच्या बाजू होत, आणि बत्तिसाव्या ओळीत सर्वच अंक विषम येऊन ४,२९,४९,६७,२९५ उभी राहते. तेहेतिसावी ओळ दोन टोकांना एक आणि मध्ये सारी शून्ये अशी होते. ती ४,२९,४९,६७,२९७, ऑयलरने ६४१ ने फोडलेली.

चौसष्टाव्या ओळीत पुन्हा एकूण एक अंक विषम आहेत; चौसष्ट एकांची ती द्विमान संख्या म्हणजेच आपली पटावरची बेरीज. आणि मेरूच्या प्रत्येक ओळीतील मूळ अंकांची बेरीज पटाच्या त्या त्या घरातील दाण्यांइतकीच येत असल्यामुळे, मेरूच्या पहिल्या चौसष्ट ओळींतील सर्व अंकांची एकंदर बेरीज घेतली, तरी तीही हीच संख्या. पासष्टाव्या ओळीत मात्र तेहेतिसाव्यासारखीच दोन टोकांना दोन एके उरतात आणि आपल्या संख्येहून दोनाने मोठी संख्या मिळते. तिचे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे दोन मूळ अवयव लँड्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, हाताने आकडेमोड करून पाडले.